भाव कळला, पण विकायची मुभा कुठे?

शेतकरी गरीब का, या प्रश्नाची दोन उत्तरे जगभर चालत आली आहेत. पहिले उत्तर साहेबांचे. शेतकरी अडाणी आहे, त्याला बाजार कळत नाही, शेती कशी करावी हेही कळत नाही, म्हणून तो गरीब. दुसरे उत्तर आपले. शेतकऱ्याचा माल स्वस्तात काढून घेण्याची व्यवस्था सरकारांनी जाणूनबुजून उभी केली आहे, म्हणून तो गरीब. पहिले उत्तर मानले की उपाय सोपा होतो. माहिती द्या, प्रशिक्षण द्या, मेळावे भरवा, पत्रके वाटा. दुसरे उत्तर मानले की कोणाच्या तरी खिशाला हात लागतो. सरकारांना आणि अनुदान वाटणाऱ्या संस्थांना पहिलेच उत्तर गोड लागते, यात नवल नाही.

या पहिल्या उत्तराचा फार मोठा प्रयोग आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांवर झाला आहे. एकर-दोन एकरांत मका, ज्वारी-बाजरी, भुईमूग, चवळी पिकवणारा हा शेतकरी. त्याला बाजारभाव कळवायचे आणि शेतीचे शिक्षण द्यायचे, यासाठी गेली पंचवीस-तीस वर्षे रेडिओ, भावफलक आणि मोबाइल फोन कामाला लावले गेले. तो प्रयोग आपल्या जिल्हा बैठकांत चर्चेला घेण्यासारखा आहे, कारण तेच औषध आपल्यालाही पाजले जाते.

आधी जमेची बाजू

आम्ही माहितीचे वैरी नाही. ज्याच्याजवळ भावाची बातमी त्याचा सौदा सरस, हे आठवडी बाजारात शेळी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक असते.

युगांडात २००० साली एक बाजारभाव सेवा सुरू झाली. निरनिराळ्या जिल्ह्यांतील भाव गोळा करायचे आणि स्थानिक रेडिओवरून सांगायचे, एवढेच तिचे काम. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब केला. ही सेवा पोहोचलेल्या जिल्ह्यांत ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्यांना मक्याला खळ्यावर सुमारे १५ टक्के जास्त भाव मिळाला होता. घानामध्ये २००५ पासून मोबाइलवर भाव कळवणारी एक सेवा चालली, पुढे ती एसोको या नावाने ओळखली गेली. उत्तर घानातील शेतकऱ्यांच्या अभ्यासात मका आणि भुईमुगाला १० ते १३ टक्के जास्त भाव मिळाल्याचे दिसले. केनियात १९९७ साली शेतमालाचा एक विनिमय बाजार निघाला आणि त्याने गावोगावच्या बाजारांत भावफलक लावले.

हे आकडे लहान नाहीत. दहा पोती मका विकणाऱ्याला एक-दीड पोत्याचे दाम जास्त मिळाले, तर पोरांची फी निघते. ज्यांनी हे काम केले त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मग आपल्याकडे काय झाले?

तोच प्रयोग महाराष्ट्रातही झाला. २००७ साली रॉयटर्स मार्केट लाइट ही मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी सेवा इथे सुरू झाली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या राज्यातील शंभर गावे घेऊन तिची नीट परीक्षा केली. काही गावांना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि टोमॅटो, कांदा, डाळिंब, सोयाबीन, गहू पिकवणाऱ्यांच्या हातात काय पडले ते मोजले. २०१२ साली निष्कर्ष छापून आला. सेवा मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेतकऱ्यांच्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा फरक नव्हता.

युगांडात फरक पडला, महाराष्ट्रात पडला नाही. आपला शेतकरी युगांडाच्या शेतकऱ्यापेक्षा कमी हुशार आहे का? आमच्या मते कारण वेगळे आहे. युगांडात व्यापारी सायकल किंवा ट्रक घेऊन खळ्यावर येतो आणि समोरासमोर घासाघीस होते. तिथे शेतकऱ्याने "शहरात आज हा भाव आहे" असे म्हटले की व्यापाऱ्याला दोन पैसे वर सरकावे लागतात. आपला शेतकरी माल गाडीत भरून बाजार समितीत नेतो, ढीग ओततो, लिलाव पुकारला जातो आणि पट्टी हातात पडते. त्या सौद्यात शेतकऱ्याला तोंडच नाही. शेजारच्या समितीत शंभर रुपये जास्त आहेत हे खिशातल्या फोनने सांगितले, तरी ओतलेला टोमॅटो पुन्हा भरून कोण नेणार? भाडे कोण देणार? माल सडला तर भरपाई कोणाकडे मागणार?

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाची गोष्टही अशीच आहे. २००१ ते २००६ या काळात तिथे मोबाइल पसरला आणि निरनिराळ्या बाजारांतील धान्याच्या भावातील तफावत १० ते १६ टक्क्यांनी कमी झाली. व्यापाऱ्यांना माल कुठे न्यावा हे कळू लागले आणि टंचाईच्या गावांत धान्य पोचू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पुढे शेतकऱ्याला बाजरीचा सरासरी भाव किती वाढून मिळाला हे तपासले, तेव्हा वाढ सापडली नाही. बातमी दोघांनाही मिळाली. फायदा त्याला झाला ज्याच्याजवळ गाडी होती, गोदाम होते आणि गाठीला पैसा होता.

सुगीला विकतो तो अडाणी नसतो

शहाणी माणसे शेतकऱ्याला हमखास एक सल्ला देतात : सुगीत विकू नका, थोडे थांबा. जणू हे आपल्याला कोणी सांगायलाच हवे होते! पश्चिम केनियात सुगीला मका स्वस्त असतो आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचा भाव २५ ते ४० टक्क्यांनी चढतो. हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तरीही लोक सुगीला विकतात आणि तोच मका उन्हाळ्यात चढ्या भावाने विकत आणतात. का? कारण शाळेची फी जानेवारीत भरायची असते, देणेकरी दारात असतो आणि हातात रोकड नसते.

तिथे एका संस्थेने वेगळा उपाय केला. सल्ला न देता सुगीच्या वेळी कर्ज दिले. शेतकऱ्यांनी मका राखला आणि भाव चढल्यावर विकला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे या कर्जावर सुमारे २९ टक्के परतावा मिळाला. आणखी एक गोष्ट दिसली. जिथे पुष्कळ शेतकऱ्यांनी असे कर्ज घेतले, तिथे सुगीचा भाव थोडा वर राहिला आणि पुढची चढण कमी झाली. म्हणजे कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्याचाही फायदा झाला. माहिती आधीपासूनच होती. थांबण्याची ताकद नव्हती.

प्रशिक्षणाचेही तसेच. खते किती टाकावी, ओळीत किती अंतर ठेवावे, यावर आफ्रिकेत वर्गामागून वर्ग झाले. त्यातले जे टिकले ते बघण्यासारखे आहे. चवळीला भुंगा लागतो म्हणून शेतकरी ती काढल्याबरोबर विकून टाकत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये त्यावर संशोधन झाले आणि तीन थरांची हवाबंद पिशवी तयार झाली. २००७ पासून ती नायजर आणि आसपासच्या देशांत गावोगाव नेली गेली. शिकवण्याची रीत साधी होती. गावासमोर चवळी भरून पिशवी बांधायची आणि काही महिन्यांनी त्याच लोकांसमोर उघडायची. दाणे शाबूत निघाले की वेगळे भाषण लागत नसे. औषधावाचून माल टिकला, तो कधी विकायचा हे मालक ठरवू लागला. ज्या शिक्षणाने शेतकऱ्याच्या हातात विकण्याची वेळ येते, ते शिक्षण शेतकरी धावत येऊन घेतो.

भाव माहीत, रस्ता बंद

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आफ्रिकेतील शेतकऱ्याला लुटण्याची यंत्रणा गोऱ्या साहेबाने उभारली आणि काळ्या साहेबाने चालू ठेवली. घानात इंग्रजांच्या काळी, १९४७ साली, कोकोचे खरेदी मंडळ निघाले. शेतकऱ्याला चढउतारापासून सांभाळणे हे त्याचे सांगितलेले कारण. १९५७ साली देश स्वतंत्र झाला, मंडळ राहिले, आणि कोकोचा पैसा शहरांकडे व सरकारी तिजोरीकडे वळत राहिला. १९६४-६५ च्या हंगामात साडेपाच लाख टनांहून जास्त कोको पिकवणाऱ्या देशात १९८३-८४ साली जेमतेम एक लाख साठ हजार टन पिकला. त्या वर्षी दुष्काळ होता, वणवे लागले होते, हे खरे. पण झाडे म्हातारी झाली तरी नवी लावावीत असा भाव शेतकऱ्याला कितीतरी वर्षे मिळालाच नव्हता. तो झाडांची काळजी घेणे सोडून बसला, किंवा माल चोरून सीमेपलीकडे नेऊ लागला. या शेतकऱ्याला कसले प्रशिक्षण कमी पडले होते?

हा इतिहास झाला असे कोणी म्हणू नये. २०२४ च्या मार्च महिन्यात जगाच्या बाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. एप्रिलमध्ये घानाच्या मंडळाने शेतकऱ्याचा भाव वाढवून टनाला ३३,१२० सेडी केला. त्या वेळच्या दराने ते अडीच हजार डॉलरच्या आसपास होतात. मंडळाने माल आधीच जुन्या भावाने विकून ठेवला होता, असा खुलासा झाला. पण तो सौदा करताना शेतकऱ्याला विचारले होते का? जगाचा भाव त्याला रेडिओवर कळत होता. तो ऐकून त्याने करायचे काय?

टांझानियाने २०११ साली मक्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २०१७ साली पुन्हा घातली. शेजारच्या केनियात गिऱ्हाईक उभे, पण सीमेवर गाडी अडवलेली. केनियानेही मार्च २०२१ मध्ये बुरशीच्या विषाचे कारण देऊन युगांडा आणि टांझानियाचा मका काही दिवस रोखला. नैरोबीचा भाव मोबाइलवर दिसतो आणि मका मात्र गावातल्याच व्यापाऱ्याला द्यावा लागतो. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. परदेशात कांदा काय भावाने जातो हे लासलगावात त्या दिवशीही सगळ्यांना ठाऊक होते.

आमचे म्हणणे

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, भाव कळवणारी सेवा आली तर जरूर घ्या. चांगले शिकवणारा आला तर त्याला ओसरीवर बसवा, चहा पाजा आणि ऐका. पण त्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू देऊ नका.

एक, हा भाव देणारे दुसरे गिऱ्हाईक आमच्यापर्यंत पोचू शकते का, की कायद्याने किंवा रस्त्याअभावी आम्ही एकाच दाराशी बांधलेले आहोत? दोन, भाव पडलेला असेल तर माल ठेवायला वखार आणि त्यावर वाजवी व्याजाची उचल मिळेल का? तीन, भाव चढला की सरकार सीमा बंद करणार नाही याची हमी कोण देतो? चार, ही माहिती कोणाच्या मालकीची? अनुदान संपले की सेवा बंद पडणार असेल, किंवा आमच्या पिकाची माहिती आमच्याआधी व्यापाऱ्याला मिळणार असेल, तर ती आमच्या काय कामाची?

या चार प्रश्नांची उत्तरे जिथे बरी आहेत, तिथे माहिती सोन्यासारखी कामी येते. युगांडाच्या मक्याने ते दाखवले. जिथे उत्तरे नाहीत, तिथे माहिती म्हणजे बांधलेल्या बैलाला दाखवलेला हिरवा चारा. आफ्रिकेतील शेतकऱ्याला आणि आपल्याला शहाणे करण्यावर पैसा खर्च करणाऱ्यांनी त्यातला थोडा वेळ दावे सोडण्यावर खर्च करावा. विकायचे कुठे, केव्हा आणि कोणाला, हे ठरवायला मोकळा झालेला शेतकरी भावाची बातमी आपली आपण शोधून काढतो.

जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने आपल्या भागात चालणाऱ्या भाव-सेवा आणि प्रशिक्षण वर्गांची यादी आणावी आणि या चार प्रश्नांवर त्या तपासून मांडाव्यात. त्यातून जे निघेल तेच पुढच्या आंदोलनाच्या मागणीपत्रात घालू.