कोल्हा शहाणा, खुराडे त्याहून शहाणे!

मैत्रिणींनो, परसात चार कोंबड्या असल्या की घरची अंडी मिळतात आणि वरखर्चाचे पैसे आपल्या हाती राहतात. पण कोल्ह्याला वाट सापडली की संपलेच! आमच्या शेजारच्या वहिनींच्या सहा तलंगा एका रात्रीत गेल्या. वहिनी रागाने मटणात विष कालवायला निघाल्या. मी म्हटले, "थांबा हो! तो संशयी प्राणी वास घेऊन निघून जाईल आणि मरेल तुमचाच मोती." शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे कोल्ह्याला मारणे गुन्हा आहे. आणि शेतातले उंदीर तोच खातो ना?

मग आम्ही दोघींनी खुराडेच सुधारले. कोंबड्यांची पातळ जाळी दातांनी तुटते. तिच्याऐवजी अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावावी. तळाशी ती फूटभर बाहेर वळवून मातीत पुरावी, वर दगड रचावेत, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. दाराला नुसती दोरी नको, घट्ट कडी हवी. दिवेलागणीआधी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात, चांगले उजाडल्यावरच सोडाव्यात. पिसे, आतडी उघड्यावर टाकू नयेत. त्या वासाने तो येतो. कंदील किंवा बुजगावण्याला तो चार दिवस बुजतो, मग सरावतो. त्यावर विसंबू नका.

आता रात्री कोल्हेकुई ऐकू येते, पण सकाळी मोजणी बरोबर भरते. मोतीही वहिनींच्या दारात शेपूट हलवीत उभा असतो!