थंड इंजिन आणि शेजारधर्म

शिशिर लागला की नाशिक जिल्ह्यातील थंडीच्या वार्ता वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागतात. निफाडचा पारा किती उतरला, द्राक्षांचे घड वाचविण्यासाठी बागायतदारांनी पहाटे शेकोट्या कोठे पेटविल्या, याची चर्चा कचेऱ्यांतून आणि शाळांतील शिक्षकांच्या खोल्यांतून रंगते. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला तापमान दोन अंशांच्या खाली गेले होते, आणि खुद्द नाशकात जानेवारी १९४५ मध्ये ०.६ अंशाची नोंद झालेली आहे. परंतु या थंडीचा आणखी एक परिणाम कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही. तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्यांच्या कानांवर रोज पहाटे आदळतो. पहिल्या पाळीची वेळ जवळ आली की कामगारांच्या बसगाड्या, मालाचे टेम्पो, शाळेच्या गाड्या आणि मोटारसायकली एकामागून एक जाग्या होतात. सेल्फ कण्हतो, इंजिन खोकते, पट्टा किंचाळतो. आणि मग गाडी ‘गरम करण्यासाठी’ उभ्या जागी रेस देण्याचा विधी बराच वेळ चालतो.

हा विधी आवश्यक आहे काय, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. थंडीत वाहन कुरकुरते, यामागे निश्चित कारणे आहेत. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातील वंगणतेल तळाशी उतरून दाट झालेले असते. ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेतो टॅपेट वाजतात. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आणि नेमक्या त्याच वेळी दाट तेलातून इंजिन फिरविण्यासाठी स्टार्टरला अधिक जोर लावावा लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर इंधन पेटवायचे, हे त्याचे तत्त्व. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की ही उष्णता त्या शोषून घेतात, इंधन उशिरा आणि एकदम पेटते, आणि ‘खडखड’ असा ओळखीचा आवाज येतो. न जळलेले इंधन पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. फॅन बेल्टचे रबर गारठ्याने ताठर होऊन आणि दवाने ओलसर होऊन पुलीवर घसरते, म्हणून ते किंचाळते.

म्हणजे यांतील बहुतेक आवाज हे क्षणिक आहेत. इंजिन तापताच जो आवाज नाहीसा होतो, तो थंडीचा. जो तापल्यावरही राहतो, तो दुखण्याचा. हा भेद अनुभवी मिस्त्री कानाने ओळखतो. परंतु सर्वसाधारण चालक दोन्ही आवाजांवर एकच उपाय करतो, आणि तो म्हणजे रेस. हा उपाय तर रोगाहूनही वाईट. तेल सर्वत्र पोहोचण्यापूर्वी इंजिन जोराने फिरविले तर धातूवर धातू घासतो. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत त्याच्या बेअरिंगला याचा फटका बसतो. उभी गाडी संथ चालू ठेवल्यानेही इंजिन लवकर तापत नाही. उलट थंड सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन भिंतींवरील तेलाचा थर धुऊन खाली उतरते आणि वंगण पातळ करते. अर्धा-एक मिनिट थांबून गाडी पहिल्या काही किलोमीटरपर्यंत हळू चालविली, तर ती उभ्यापेक्षा लवकर तापते आणि कमी झिजते.

दीर्घकाळ गाडी गरम करण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. चोक ओढून, किक मारमारून सुरू केलेली गाडी सोडताच बंद पडे, तेव्हा त्या सवयीला अर्थ होता. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहा मानकांच्या वाहनांत इंधनाचे प्रमाण संगणकाच्या हाती आहे. त्यांना हा विधी लागत नाही. शिवाय नाशिकची थंडी ती केवढी? तेलाच्या डब्यावरील ‘२०डब्ल्यू-४०’ या आकड्यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून, २०डब्ल्यू श्रेणीचे तेल शून्याखाली १५ अंशांवर पारखलेले असते. कॅनडा, स्वीडनसारख्या देशांत रात्री इंजिनाला विजेचा हीटर जोडून ठेवतात. लडाखमध्ये डिझेलच गोठू लागते. तेथे शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उपलब्ध केले. त्या प्रदेशांच्या तुलनेत पाच-सहा अंशांची अंबडची पहाट म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने सुखद गारवाच म्हटला पाहिजे.

येथवरचा प्रश्न वाहनमालकाच्या खिशाचा झाला. परंतु हिवाळ्यातील पहाट त्याला सार्वजनिक करते. निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. हे झाकण धूर वर जाऊ देत नाही. ध्वनीलाही ते खाली वळविते. कारण उबदार हवेत ध्वनीचा वेग अधिक असल्याने वर निघालेल्या लहरी पुन्हा जमिनीकडे वाकतात. म्हणूनच दुपारी न ऐकू येणारी दूरची गाडी पहाटे उशाशी उभी असल्यासारखी वाटते. ज्या घटकेला इंजिन सर्वाधिक धूर आणि सर्वाधिक आवाज करते, त्याच घटकेला निसर्ग दोहोंनाही वस्तीत कोंडून ठेवतो. आधुनिक गाडीतील धूर शुद्ध करणारे उपकरणही सुमारे अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कार्य करीत नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणाऱ्यास तर कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, आणि सावध होण्याची संधीही मिळत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात ४५, तर औद्योगिक भागात ७० डेसिबलची मर्यादा आहे. अंबड आणि सिडको यांसारख्या परिसरात कारखाने आणि घरे शेजारी नांदतात. आकड्यांतील हे अंतर २५ चे दिसते, परंतु ध्वनीच्या तीव्रतेच्या हिशेबात ते तीनशे पटींहून अधिक आहे. झोपेला मात्र वसाहतीची हद्द कळत नाही. तिसरी पाळी संपवून आलेला कामगार, परीक्षेसाठी पहाटे उठलेला विद्यार्थी, दम्याचा वृद्ध रुग्ण यांच्या वाट्याला एकाच वस्तीतील धूर आणि गोंगाट येतो.

येथे चालकाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्या अवजड वाहनांना हवेचे ब्रेक आहेत, त्यांना टाकीत पुरेसा दाब येईपर्यंत इंजिन चालू ठेवावेच लागते. ती सुरक्षिततेची बाब आहे. जुन्या टेम्पोची बॅटरी अखेरच्या घटका मोजीत असते, हीटर प्लग जळालेले असतात, आणि वाटेत गाडी बंद पडली तर त्या दिवसाचा रोज बुडतो. अशा माणसाला शेजारधर्माचे व्याख्यान देणे सोपे. त्याची बॅटरी बदलून देणे अवघड. म्हणून जबाबदारी प्रथम वाहनाच्या मालकावर आणि त्याला कंत्राट देणाऱ्या कारखान्यावर येते. दिवाळीनंतर बॅटरी, प्लग, पट्टा आणि तेल यांची तपासणी कंत्राटाच्या अटींतच का घालू नये? हवा भरण्यासाठी थांबणाऱ्या गाड्या घरांच्या रांगांपासून दूर, वसाहतीच्या आत का उभ्या करू नयेत? सायलेन्सर बदलून मोटारसायकलीचा गडगडाट करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र कसलीही दयामाया दाखविण्याचे कारण नाही; थंडीचे निमित्त त्यांना लागू पडत नाही.

नाशिक हे मोटारी आणि डिझेल इंजिनांचे सुटे भाग घडविणारे शहर आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मायक्रॉनच्या मापाने काम करणारे हजारो कुशल हात येथे राहतात. इंजिनाची प्रकृती जाणणाऱ्या या शहराने इंजिन कसे जागे करावे, हेही जाणले पाहिजे. गाडी हळू सुरू करावी, हळू न्यावी, आणि शेजाऱ्याच्या दारातून गेल्यावरच वेग वाढवावा, एवढाच हा धर्म आहे. तो पाळल्याने डिझेल वाचते आणि इंजिनही टिकते. शेजाऱ्याची झोप वाचते, हा त्याहून मोठा लाभ.