विश्लेषण : म्हातारं माणूस वाट चुकण्याआधीच पोलिसांच्या यादीत हवं

तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘हरवले आहेत’ असा फोटो अधूनमधून फिरतोच. फोटो असतो लग्नातला, फेटा बांधलेला, दहा वर्षांपूर्वीचा. अंगात कपडे कोणते होते, किती वाजता गेले, यातलं काही नसतं. तारीखही नसते, त्यामुळे माणूस घरी येऊन चार महिने झाले तरी पोस्ट फिरतच राहते. आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली त्यांना जरा विसर पडायचा.’

हा ‘जरा विसर’ म्हणजे अनेकदा स्मृतिभ्रंश, डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो आजार. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना तो असावा. शहरात प्रमाण 5.3 टक्के, खेड्यात 8.4 टक्के. म्हणजे हे शहरातलं दुखणं नाही. आपल्याकडे त्याला म्हातारचळ म्हणून हसतात, नाहीतर लोक काय म्हणतील म्हणून झाकून ठेवतात.

गावाकडचा धोकाही वेगळा. बिनकठड्याची विहीर, शेततळं, कालवा, आणि डोक्यावर गेलेला ऊस, ज्यात माणूस बसला तर दहा फुटांवरून दिसत नाही. बरं, ही माणसं दरवेळी उगाच भटकत नसतात. आजी माहेरी निघालेली असते, जिथं आता कुणी उरलेलं नाही. आजोबा केव्हाच विकलेल्या रानात पाणी धरायला जातात. त्यात 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे. योजना चांगलीच, पण खिशात आधार कार्ड असलं की पैशाविना माणूस संध्याकाळपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात पोचतो. म्हणून विहिरी बघता बघताच स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडे फोटो गेला पाहिजे.

आता पोलीस. ‘चोवीस तास थांबा, येतील’ असं उत्तर मिळालं तर ऐकून परत फिरू नका. बेपत्ताची नोंद घ्यायला चोवीस तास थांबावं असं कुठल्याच कायद्यात नाही. 18 वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास सुरू होतो. म्हातारं माणूस मात्र मिसिंगच्या रजिस्टरात एक ओळ होऊन बसतं. म्हणून ठाण्यात किंवा 112 वर नुसतं ‘बाबा हरवले’ म्हणू नका. ‘बाबांना विसरण्याचा आजार आहे, घर ओळखता येत नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यानं घाई का करायची ते समोरच्याला कळतं.

पण खरं काम शोधाच्या आधीचं आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा 2007 चा. त्याखाली केंद्रानं दिलेल्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, ताजी यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा त्यांना जाऊन भेटायचं. महाराष्ट्रानं आपले नियम 2010 मध्ये केले. गेल्या वर्षभरात तुमच्या गावात अशा भेटीला कुणी आलं होतं का, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं.

एका ठाण्याखाली पन्नास-साठ गावं आणि हाताशी माणसं मोजकी, हे मान्य. म्हणून तर गावात पोलीस पाटील आहेत. पाटील आणि आशाताई एका दुपारी बसले तरी गावातली अशी पाच-सात नावं निघतील. कागदावर हवं ते एवढंच : अलीकडचा फोटो, घरात हाक मारतात ते नाव, माहेर किंवा जुनं गाव, पूर्वी काम कुठं केलं, कुठल्या देवाला जायचे, औषधं, दोन फोन नंबर. एक प्रत बीट अंमलदाराकडे, एक घरात. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या पोलिसांनी असाच फॉर्म सुरू केला. त्याला नाव दिलं जॉर्ज हर्बर्ट या जुन्या सैनिकाचं. स्मृतिभ्रंश झालेले हे गृहस्थ लहानपणीचं घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले.

ही यादी चावडीच्या फळ्यावर मात्र लावायची नाही. ज्याला आपण कशावर अंगठा देतोय ते कळत नाही, त्याचं नाव जाहीर करणं म्हणजे जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना आमंत्रणच.

ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथं एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाईलवर निरोप वाजतो. चोर आणि बिबट्यासाठी ती वापरतोच, हरवलेल्या आजोबांसाठीही वापरावी.

दुसरी बाजू, आपल्या गावात आलेल्या परक्या माणसाची. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षुकांना ठार मारलं. ज्याला स्वतःचं नावगावच सांगता येत नाही, त्याच्यावर तर संशय आणखी लवकर येतो. अशा माणसाला गराडा घालू नका, व्हिडिओ काढू नका. सावलीत बसवा, पाणी द्या, 112 लावा. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाईनही आहे. ‘तुमचं नाव काय’ याला उत्तर आलं नाही तर ‘तुमच्या गावात जत्रा कुठल्या देवाची’ असं विचारून बघा. जुनं बरेचदा आठवतं. आजी असतील तर हातावरचं गोंदण बघा, कधी कधी त्यात नाव असतं. बंडीच्या किंवा परकराच्या आतल्या बाजूला घरच्यांनी फोन नंबर शिवलेला असला, तर पुढचं काम एका फोनचं.