शेवटचा दगड आधी विकत घेऊ नका

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन आला. वस्तरा घरी पोचला होता. खरा, लांब पात्याचा, जर्मनीतल्या झोलिंगनचा, जुना, सेकंडहँड. आता त्याला एवढंच हवं होतं की फिनिशिंग स्टोन कुठला घ्यायचा ते मी सांगावं. बेल्जियन घेऊ की जपानी? त्याच्या आवाजातला उत्साह मी लगेच ओळखला, कारण चार वर्षांपूर्वी तो माझ्या आवाजात होता. मी विचारलं, "बेव्हल सेट आहे का?" पलीकडे शांतता. मग, "ते काय असतं?"

मला राग त्याचा आला नाही. राग या प्रश्नाचा आला. वस्तरा पाजवायला शेवटचा दगड कुठला, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो. त्याला कुणी "थांब, आत्ता नको" म्हणत नाही, कारण थांबणारा माणूस काही विकत घेत नाही.

ज्यांनी वस्तरा कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि धार पातळ. पाजवताना पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची. त्यामुळे कोन आपोआप ठरतो. सुरीसारखा तो हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीपासून येणाऱ्या दोन्ही बाजूंवर धारेलगत एक अरुंद उतार तयार होतो, तो बेव्हल. हे दोन उतार टाचेपासून टोकापर्यंत एका रेषेत भेटले, तर धार आहे. मध्ये कुठे भेटले नसतील तर तिथे धार नाही, मग तुम्ही काहीही करा. हे भेटवण्याचं काम साधारण १००० ग्रिटच्या दगडावर होतं. पुढे ४००० किंवा ५०००, मग ८०००. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. आणि अगदी शेवटी फिनिशर. तो पोलाद जवळपास काढतच नाही. आधी जे असेल ते तो तलम करतो. धार असेल तर धार तलम होते, नसेल तर तिचा अभाव चकचकीत होतो.

हे मला ठाऊक होतं. वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. तरीही मी पहिला महागाचा दगड घेतला तो कॉटिक्यूल. बेल्जियमच्या आर्देन भागात, व्हिएलसाल्म गावाच्या परिसरात सापडणारा हा पिवळट दगड. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, आणि ते गोलसर असल्यामुळे पोलादात खोल न रुतता उथळ कापतात. दुसऱ्या छोट्या दगडाने घासून त्यावर दुधासारखा गाळ काढायचा, वस्तरा त्यात चालवायचा, हळूहळू पाणी घालून गाळ पातळ करत न्यायचा, आणि शेवटी स्वच्छ पाण्यावर हलक्या हाताने संपवायचं. करायला फार सुंदर काम आहे. मी ते तीन महिने केलं. तीन महिने उजव्या गालावर वस्तरा ओढत राहिला, हनुवटीखाली रक्त येत राहिलं. मी गाळ बदलला, पाणी बदललं, दाब बदलला. मग दगडच चुकीचा मिळाला असं ठरवलं (नैसर्गिक दगड, प्रत्येक तुकडा वेगळा, असं सगळे म्हणतातच की) आणि फोनच्या किमतीएवढे पैसे घालून एक जपानी दगड मागवला. कस्टम ड्युटी वेगळी. वस्तरा तरीही ओढत राहिला.

शेवटी उत्तर मिळालं ते मार्करमधून. काळ्या मार्करने बेव्हल रंगवला, १००० च्या दगडावर दोन हात मारले आणि एलईडीवाल्या स्वस्तातल्या भिंगाखाली पाहिलं. मधला सगळा रंग गेला होता. टाचेकडच्या दोन बोटं रुंद पट्ट्यात मात्र धारेलगत काळी रेघ तशीच होती. म्हणजे तिथे दगड धारेपर्यंत कधी पोचलाच नव्हता. बेल्जियमचा नाही, जपानचा नाही. तीन महिने मी धारेच्या शेजारची जागा पॉलिश करत होतो. पुढे १००० वर अर्धा तास गेला, आणि तोच कॉटिक्यूल, ज्याला मी नावं ठेवली होती, त्याच संध्याकाळी नीट चालला.

आता आकड्यांबद्दल. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजायची सवय लागलेल्या आपल्या पिढीला ग्रिटचा आकडा लगेच भुरळ घालतो. १२००० पेक्षा १६००० बरा, १६००० पेक्षा ३०००० बरा. पण ८००० म्हणजे तरी काय? नॉर्टनच्या ८००० मध्ये कण सुमारे ३ मायक्रॉनचे, शाप्टनच्या ८००० मध्ये सुमारे १.८४ मायक्रॉनचे. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आकडा तोच, दगड वेगळे. नैसर्गिक दगडांच्या बाबतीत तर हा आकडा निव्वळ अंदाज आहे. कॉटिक्यूलमधले गार्नेट काही मायक्रॉनांचे असतात. नुसत्या आकाराने पाहिलं तर त्याने फिनिशर असूच नये. तरी तो असतो, कारण कणाचा आकार ही एकच गोष्ट नाही. कण गोल आहे की टोकदार, दगड मऊ आहे की कडक, गाळ किती दाट आहे, तुमचा हात किती जड आहे, हे सगळं त्यात येतं. अर्कान्सासचा अर्धपारदर्शक दगड इतका कडक असतो की त्याचा पृष्ठभाग तुम्ही कसा घासून तयार केलात यावर तो किती तलम काम करणार हे ठरतं. अशा दगडाला ग्रिटचा आकडा चिकटवून विकणाऱ्याला विचारा, हा आकडा कशावरून काढलात?

आकड्याचा नाद सुटला की खाणीच्या नावाचा लागतो. क्योटोजवळची नाकायामा खाण कधीच बंद झाली, म्हणून तिचा दगड मौल्यवान. जर्मनीतल्या थुरिंगियाचा, एशर कंपनीचं जुनं लेबल अजून चिकटलेला दगड तर आणखी मौल्यवान. लेबल फाटलं की किंमत उतरते, दगड मात्र तोच राहतो. मी या दगडांना खोटं म्हणत नाही. चांगल्या थुरिंगियनवरून उतरलेल्या धारेचा मऊपणा मी गालावर अनुभवला आहे, आणि ती माझी कल्पना आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पण तो फरक कळायला माझा हात आधी रोज एकसारखी धार काढायला शिकावा लागला. ज्याचा हात रोज बदलतो त्याला दगडातला फरक कळणार कसा?

म्हणून माझा सल्ला अगदी रुक्ष आहे. पहिला फिनिशर कृत्रिम घ्या. १२००० चा एखादा जपानी सिंथेटिक दगड, किंवा त्याहून स्वस्त म्हणजे सपाट काचेवर चिकटवलेली १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म. याला आत्मा नाही म्हणतात. नसेना का. तो आज जसा आहे तसाच उद्या असतो, म्हणून दाढी बिघडली तर चूक तुमच्या हाताची, हे स्पष्ट कळतं. शिकणाऱ्याला असाच दगड हवा ज्याच्यावर दोष ढकलता येत नाही. आणि घाई नसेल तर तोही नको. आधीचं काम चोख असेल तर ८००० वरून उतरलेला वस्तरा, कापडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर नीट फिरवला, की दाढी करतो. थोडी बोचरी होईल, पण होईल.

एक गोष्ट मला जास्त खुपते. या दगडांच्या फोटोंत नेहमी एक 'जेंटलमन' असतो. लाकडी टेबल, पितळी वाडगा, दाढीचा ब्रश. न्हावी कधीच नसतो. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केलं त्यांना आपण काय दिलं? 'काय हजामत करतोयस' हा वाक्प्रचार दिला. त्याच न्हाव्यांनी १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचं केशवपन करायला नकार दिला. हातातला वस्तरा कुणावर चालवायचा नाही हे त्यांनी ठरवलं. आता तोच वस्तरा 'लुप्त होत चाललेली कला' म्हणून आपल्याला परत विकला जातोय, आणि आपण तो सोवळ्यात असल्यासारखा हाताळतोय.

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या काकांना मी एकदा मोठ्या कौतुकाने माझा कॉटिक्यूल दाखवला. त्यांनी तो अंगठ्याने चोळून पाहिला, परत दिला. मी विचारलं, "काका, तुम्ही पाजवायचं सोडलंत, वाईट नाही वाटत?"

"कसलं वाईट? रोज सकाळी अर्धा तास जायचा त्यात. आता एक ब्लेड मोडलं की दोन गिऱ्हाईकं. लोकांनाही नवं ब्लेड डोळ्यांसमोर हवं असतं, रोगांची भीती." मग हसून म्हणाले, "तुला वेळ आहे ना, तू कर. पण दगड सपाट ठेव."

दगड सपाट ठेवणं हे मला एकाही विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. प्रत्येक पाण्याचा दगड वापराने मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सरळ धार निघत नाही. त्यासाठी डायमंड प्लेट लागते. ती फोटोत चांगली दिसत नाही.

मित्राला मी त्या रात्री तीन गोष्टी घ्यायला सांगितल्या: १००० चा दगड, डायमंड प्लेट, काळा मार्कर. तो जरा हिरमुसला. परवा त्याने फोटो पाठवला. मधला बेव्हल स्वच्छ आहे, टोकही. टाचेपाशी अजून काळं दिसतंय.

"परत १००० वर," एवढंच मी लिहिलं.