हजेरी घरातून लागते

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि पहिल्याच पालक सभेत आम्ही शिक्षक नियमांचा कागद वाचून दाखवतो. परिपाठाला वेळेवर यावे, गणवेश पूर्ण असावा, मोबाइल आणू नये, रजेचा अर्ज द्यावा, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. अम्मी-अब्बा मान डोलावतात, सही करतात आणि आपापल्या कामाला निघतात. हा कागद मुलांसाठी आहे, असे बहुतेकांना वाटते. आमचा अनुभव मात्र सांगतो की त्यातले निम्मे नियम घरच्या मोठ्या माणसांसाठी असतात. तेरा-चौदा वर्षांचे मूल स्वतःच्या मनाने क्वचितच घरी राहते. बहुतेक वेळा त्याला घरी ठेवले जाते. म्हणून या महिन्यात तोच कागद आपण सावकाश वाचू या.

हजेरी, गैरहजेरी, रजा, अर्ज, कायदा, दाखला, दप्तर हे शब्द मराठी शाळेत जसे चालतात तसेच थोड्याफार फरकाने उर्दू शाळेतही चालतात. ते आपल्या घरात परके नाहीत. हजेरीमागची शिस्तही परकी नाही. ज्या घरात दिवसाचा हिशोब अजानने चालतो, त्या घराला वेळेचे मोल वेगळे सांगायला नको. जमात उभी राहिली की ती कुणासाठी थांबत नाही. शाळेची पहिली तासिकाही तशीच असते. ती सुरू झाल्यावर आलेल्या मुलाला वर्गात जागा मिळते, पण सुटलेला धडा मिळत नाही.

आता 75 टक्के म्हणजे नेमके किती, ते पाहू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान 220 कामाचे दिवस सांगितले आहेत. माध्यमिक वर्गांसाठीही हिशोबाला आपण तोच आकडा धरू. 220 चे 25 टक्के म्हणजे 55 दिवस. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. इतके दिवस आपले मूल कशाला घरी राहील, असे मनात येते. पण एका साध्या, चांगल्या घरातले वर्ष डोळ्यांसमोर आणा. अब्बा आखातातून रजेवर आले, म्हणून 12 दिवस. मामूचे आणि खालाचे अशी दोन लग्ने, प्रत्येकी 6 धरले तर आणखी 12. ताप, खोकला, पोटदुखी यांचे 8. रमजानच्या शेवटच्या दिवसांतले 8. ईदनंतर पाहुण्यांकडे जाण्याचे 3. आणि दर महिन्याला एकदा 'घरी काम होते' म्हणून 10. बेरीज 53 झाली. यातले एकही कारण वाईट नाही. कुणीही मुलाचे नुकसान करायला निघाले नव्हते. तरी आता हाती फक्त दोन दिवस उरले आणि वर्ष अजून संपलेले नाही. दुसऱ्या प्रकारेही मोजून पाहा. आठवड्यात शाळेचे सहा दिवस असतात. त्यातला दर आठवड्याला दीड दिवस गेला की 25 टक्के गेले.

दहावीला याची किंमत रोख मोजावी लागते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षेला शाळेमार्फत नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे तर 75 टक्के हजेरी लागते. खऱ्या आजारपणात सवलतीचा मार्ग असतो, पण त्यासाठी डॉक्टरांचा दाखला वेळेवर शाळेत यावा लागतो. फेब्रुवारीत आणलेल्या जुलैच्या दाखल्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. काही पालक म्हणतात, "हजेरी कमी पडली तर 17 नंबरचा फॉर्म भरू." तो फॉर्म ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, त्यांना पुन्हा परीक्षेपर्यंत येता यावे म्हणून आहे. अशा मुलामुलींसाठी तो मोठा आधार आहे. पण जे मूल शाळेत शिकत आहे त्याला त्या वाटेने पाठवणे म्हणजे हातातला शिक्षक सोडून देणे होय. त्या वाटेवर रोजचा वर्ग नसतो आणि अडले तर लगेच विचारायला शिक्षक समोर नसतात.

शिवाय आज दहावीचे सगळे गुण मार्चच्या पेपरवर मिळत नाहीत. भाषा विषयांना 80 गुण लेखी आणि 20 गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. विज्ञानात प्रयोगाचे गुण असतात. हे 20 गुण वर्षभर थोडे थोडे जमतात. तोंडी परीक्षेच्या दिवशी जे मूल लग्नाच्या वरातीत होते, त्याची तोंडी कशी घ्यायची? जो प्रयोग त्याने हाताने केलाच नाही, तो त्याने वहीत उतरवून काय होणार? हुशार मुलाचे पाच-सात टक्के असे घरबसल्या जातात आणि निकालाच्या दिवशी दोष पेपर तपासणाऱ्यावर येतो.

गैरहजेरीची कारणे मुलगे आणि मुली यांची वेगवेगळी असतात. मुलगा आठवीत आला की तो दुकानावर, गॅरेजवर, हातगाडीवर किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात दिसू लागतो. "अब्बा माल आणायला गेले, म्हणून गल्ल्यावर बसलो," हे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. घरच्या धंद्यात हात लावणे ही लाजेची गोष्ट नाही. आपल्यातली कितीतरी घरे अशीच उभी राहिली. पण कायद्याने याची मर्यादा स्पष्ट केली आहे. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार 14 वर्षांखालील मुलाने घरच्या धोका नसलेल्या व्यवसायात मदत करायची असेल तर ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तोच सांगतो. गल्ल्यावरची एक सकाळ वाचली म्हणून जे शंभर-दोनशे रुपये मिळतात, त्यापेक्षा त्या सकाळी बुडालेले बीजगणित महाग पडते. घराला हातभारच लावायचा असेल तर शाळेतून मिळणाऱ्या पैशाकडे बघा. आठवीत घेतली जाणारी एन.एम.एम.एस. परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्यांची निवड होते, त्यांना नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. चार वर्षांचे ते 48,000 होतात. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती योजना आहे. पण ती मिळते शिकत राहणाऱ्या मुलाला.

मुलींची गोष्ट अधिक काळजीची आहे, कारण ती आवाज न करता घडते. आमच्या वर्गातली नववीतली एक मुलगी सोमवारी आणि गुरुवारी हटकून नसायची. अर्जात कधी डोके दुखत असे, कधी पोट. विचारपूस केली तेव्हा कळले की त्या दोन दिवशी तिची अम्मी दुसऱ्यांच्या घरी कपडे शिवायला जाते आणि दीड वर्षांचा भाऊ तिच्याकडे असतो. अम्मी शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "ती घरी नसली तर लहान्याला कोण बघणार?" त्यांचा प्रश्न खरा होता. आम्ही एवढेच विचारले की घरात अजून कोण कोण आहे. दादी होत्या. बारावीतला भाईजान होता, त्याचे कॉलेज दुपारी सुटायचे. अब्बांची गुरुवारी साप्ताहिक सुट्टी होती. या तिघांपैकी कुणाच्या मनात लहान्याला सांभाळण्याचा विचारच आला नव्हता, कारण घरात मुलगी होती. पुढे गुरुवार अब्बांनी घेतला, सोमवारची सकाळ दादींनी आणि दुपार भाईजानने. मुलगी वर्गात नियमित दिसू लागली. यात कुणी पैसा खर्च केला नाही. फक्त काम वाटून घेतले.

हे दोन दिवस तसेच चालू राहिले असते तर काय झाले असते, हे आम्ही इतर घरांत पाहिले आहे. आधी दोन दिवस जातात. मग मुलगी मागे पडते. मागे पडली की तिला वर्गात प्रश्न विचारले जाण्याची भीती वाटते आणि ती स्वतःच घरी राहू लागते. मग घरातले म्हणतात, "तिला अभ्यासात रसच नाही." आणि मग एखादा रिश्ता येतो. मुलीचे लग्नाचे कायदेशीर वय 18 आहे, हे सर्वांना माहीत असते, पण शाळा सुटलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी ते आठवून देणारे घरात कुणी उरत नाही. हजेरीपटावर तिचे नाव रोज पुकारले जाणे हेही तिचे संरक्षण आहे. इल्म हासिल करणे फर्ज आहे, असे आपण जलशांत ऐकतो आणि ते फर्ज मुलांइतकेच मुलींचेही आहे. मग तिची सकाळ तिच्याकडून घेताना घरातल्या प्रत्येकाने दोनदा विचार करायला हवा.

रमजानबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. चांद्र वर्षामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येत आहे. अनेक उर्दू शाळा या महिन्यात आपल्या वेळा बदलतात. मुलांचे रोजे आम्हाला अडचण वाटत नाहीत. अडचण वाटते ती तरावीहनंतर रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या बाजाराची आणि मोबाइलची. सहेरीला उठून फजर अदा करून जे मूल तास-दीड तास पुस्तक उघडते, त्याचा तो वेळ सोन्याचा असतो. तेच मूल रात्रभर जागले तर सकाळी शाळेत येत नाही किंवा येऊन बाकावर झोपते. दोष मात्र रोज्यावर जातो. रोजा वेळ पाळायला शिकवतो. इफ्तार एक मिनिटही आधी होत नाही. मग त्याच महिन्यात शाळेची वेळ सैल का व्हावी? दहावीच्या सकाळच्या पेपरला अर्धा तास आधी, साडेदहाला केंद्रावर हजर राहावे लागते. ही सवय महिनाभर आधी घरात लागली पाहिजे.

आता वर्तणुकीकडे येऊ. पालकांना वाटते, वर्तणूक म्हणजे भांडण न करणे, शिक्षकांना उलट न बोलणे. ते तर आहेच. पण वर्तणुकीचा पहिला धडा आमच्या मते रजेच्या अर्जात असतो. मूल लग्नाला गेले होते आणि अर्जात लिहिले, 'ताप आल्यामुळे'. अर्ज अब्बांनी लिहिला, खाली सही अम्मीची, आणि तो घेऊन मूल आमच्यासमोर उभे असते. आम्ही अर्ज वाचतो, मुलाच्या हातावरची मेंदी बघतो आणि मूल आमच्याकडे बघते. त्या क्षणी ते शिकते की कागदावर खोटे लिहिले तर चालते, मोठी माणसे तसेच करतात. पुढे तेच मूल प्रगतिपत्रकावर अब्बांची सही स्वतः करते, गृहपाठ दुसऱ्याचा उतरवते, परीक्षेत चिठ्ठी नेते, तेव्हा घरात सगळ्यांना धक्का बसतो. आपल्या दीनमध्ये खोटे बोलण्याला लहान आणि मोठे असे कप्पे नाहीत. 'बहिणीच्या लग्नामुळे तीन दिवस येता आले नाही, राहिलेला अभ्यास रविवारी पूर्ण करेल' असा खरा अर्ज लिहा. आम्ही तो आनंदाने घेतो, कारण अशा अर्जाबरोबर मूल ताठ मानेने वर्गात येते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि अभ्यासातील प्रगती यांच्याबरोबर 'वर्तणूक' असाही एक रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यावर तिथे 'चांगली' असा एकच शब्द येतो. तो शब्द आम्ही लिहितो, पण तो कमावून देण्यात घराचा वाटा आमच्यापेक्षा मोठा असतो.

नियमांची दुसरी बाजूही पालकांना माहीत असायला हवी. शाळेवरही बंधने आहेत. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा देणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यांना मनाई केली आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. उशिरा आलेल्या मुलाला छडी मारणे, सगळ्यांसमोर त्याच्या गरिबीवर किंवा घराण्यावर बोलणे ही शिस्त नाही. असे घडले तर गप्प बसू नका आणि मुलाची शाळाही बुडवू नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या, त्याची पोच घ्या. आमच्या पेशातल्या माणसालाही कुणीतरी जाब विचारणारे असावे.

या महिन्यात प्रत्येक घराने चार गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मूल ज्या दिवशी शाळेत गेले नाही, त्या तारखेवर गोल काढा आणि महिन्याच्या शेवटी गोल मोजा. लग्नाची तारीख ठरवायला बसाल तेव्हा घरातल्या शिकणाऱ्या मुलांचे परीक्षेचे वेळापत्रक समोर ठेवा. मूल दोन दिवसांहून अधिक घरी राहणार असेल तर वर्गशिक्षकांना आधी कळवा आणि परतल्यावर अभ्यास भरून घ्या. आणि सकाळी कुणाला तरी घरी थांबावे लागणार असेल तेव्हा पहिले नाव मुलीचे घेऊ नका.

वर्गात आम्ही नाव पुकारतो आणि मूल 'हजर' म्हणते, त्याला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांमागे कुणी पहाटे उठून डबा केलेला असतो, कुणी एकट्याने दुकान उघडलेले असते, कुणी लहान्याला कडेवर घेतलेले असते. ही मेहनत वाया जाऊ नये. अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि अखलाक दोन्ही देवो. आमीन.