किती पडले?

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि सव्वाच्या आत फोन सुरू होतात. "काय गं, किती पडले चिरंजीवांना?" वर्षभरात ज्यांनी त्या मुलाची साधी चौकशी केलेली नसते, त्यांनाही त्या दिवशी टक्के हवे असतात, तेही दशांशासकट. कशाला विचारता म्हटलं, तर उत्तर तयार असतं: अहो, आपुलकीनं!

यंदा फोन लावण्याआधी ही आपुलकी जरा तपासून बघा, एवढीच विनंती.

आपण जी कारणं सांगतो, ती पुष्कळदा मागाहून जुळवलेली असतात. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. दुकानात बायकांच्या लांब पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यातला चांगला कोणता? चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी उजव्या टोकाचा सगळ्यात जास्त जणांनी निवडला, डाव्या टोकाचा सगळ्यात कमी. कारण काय, तर मालच चांगला! जोड कुठे ठेवलाय यावरून निवडला, असं आपणहून कुणी म्हटलं नाही. तसं असेल का, असं विचारल्यावरही जवळजवळ सगळ्यांनी उडवून लावलं. यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, आणि पंचाईत तिथेच आहे.

त्यामुळे 'मी हे का करतोय?' असं मनाला नुसतं विचारून भागत नाही. मन आपलंच वकीलपत्र घेतं. त्यापेक्षा वागणं बघा. चौऱ्याण्णव ऐकून 'वा, छान' म्हणताना आवाज खाली आला का? साठ ऐकल्यावर 'टक्क्यांचं काय एवढं' हे जरा जास्तच गोड निघालं का? आपल्या घरातला आकडा लगेच शेजारी मांडून पाहिला का? फोन ठेवल्या ठेवल्या पुढचा फोन नणंदेला गेला का? आणि ज्याचा निकाल, त्याच्याशी दोन शब्द तरी बोललात का?

असूया निघाली तर निघू दे. ती सगळ्यांनाच असते, आणि खरी आपुलकीही तिच्याच शेजारी नांदत असते. फक्त तो फोन त्या दिवशी करू नका. चार दिवसांनी करा, अकरावीचा फॉर्म भरायला मदत हवी का ते विचारा. टक्के कळले नाहीत म्हणून काही अडत नाही.

आणि ज्याचे दोन विषय राहिलेत, त्या घरी मात्र पहिल्याच दिवशी जा. तिथे फोन वाजत नसतो. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही लगेच असते, हे पोराला सांगा. आईनं चहा टाकला तर घ्या, आणि कुठल्या विषयात किती पडले ते विचारू नका.