पर्थच्या अंगणातली पिवळी पाने

सातारा जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचे लेक-जावई ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी राहतात. अंगणात तिथलीच मूळची झुडपे आहेत : एक बँक्सिया, दोन ग्रेव्हिलिया, एक बॉटलब्रश. पाने पिवळी पडू लागली असे लेकीने फोनवर सांगितले, तेव्हा यांनी इथून सल्ला दिला की कोंबडीखत घाल आणि वर मूठभर डीएपी टाक. दीड महिन्यात बँक्सिया वाळले. "माझ्या सांगण्याने झाड गेले का? आणि उरलेल्यांचे काय?" असे त्या विचारतात.

ताई, बहुधा खतानेच गेले. पण मनाला लावून घेऊ नका. स्फुरदाचा हप्ता चुकवू नका, हे आम्ही विस्तार अधिकारीच गावोगाव सांगत आलो. भुईमुगाला ते बरोबर आहे. ही झाडे वेगळी.

पर्थकडची माती फार जुनी, पावसाने धुऊन निघालेली. तिच्यात स्फुरद नावाला असते. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हाकिया ही एकाच कुळातली झाडे. त्यांना बारीक मुळ्यांचे दाट झुबके फुटतात आणि ते मातीतला कणकण स्फुरद ओढून घेतात. अडचण अशी, की स्फुरद भरपूर मिळाले तरी यांतल्या बऱ्याच जातींना ओढणे थांबवता येत नाही. मग जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि झाडाला लोह वापरता येत नाही म्हणून कोवळी पाने पिवळी पडतात. आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणारा सिल्व्हर ओक हाही ग्रेव्हिलियाच, मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. बॉटलब्रश मात्र निलगिरीच्या कुळातला. त्याला खताचे एवढे वावडे नाही.

आता लेकीकडून दोन फोटो मागवा, एक कोवळ्या शेंड्याचा व एक खालच्या जुन्या पानाचा. नुसती आतली जुनी पाने सारखी पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा हिरवागार असेल, तर ती पानगळ आहे. काही करू नये. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात आपला ऊस केवडा पडतो, तसलाच प्रकार. पर्थला समुद्राजवळच्या वाळूत चुना असतो, आणि भिंतीलगत बांधकामाचा सिमेंट-चुना राहिलेला असतो. मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. फसफसले तर चुना आहेच. अशा मातीत हिराकस टाकून फारसा उपयोग नाही, ते लगेच बांधले जाते. ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट पाण्यातून द्यावे. बॉटलब्रश पिवळा असेल तर माझा पहिला संशय चुन्यावरच.

ग्रेव्हिलियाच्या बुडाचे खत हलक्या हाताने वरवर खरडून काढावे. खणू नये, मुळे उथळ असतात. नंतर दोन-तीनदा भरपूर पाणी द्यावे. वाळूत स्फुरद बऱ्यापैकी खाली निघून जाते. पुढे खत द्यायचेच तर स्थानिक झाडांसाठी म्हणून मिळणारे कमी स्फुरदाचे द्यावे.

एक शंका मात्र उरते. माती ओली असताना बँक्सिया मलूल पडून वाळले असेल, तर ती मूळकूज असू शकेल. फायटोफ्थोरा सिनॅमोमी या बुरशीसारख्या रोगजंतूने तिथली जाराची जंगले वाळत असल्याचे 1960 च्या दशकात उघड झाले. बँक्सिया त्याला लवकर बळी पडते. बुटांना, फावड्याला चिकटलेल्या मातीतून तो पसरतो. म्हणून मेलेल्या झाडाजवळ वापरलेले फावडे धुऊन पुसल्याशिवाय ग्रेव्हिलियाकडे नेऊ नये, आणि मुळांची तपासणी होईपर्यंत त्या खड्ड्यात दुसरे बँक्सिया लावू नये.